‘कशावरून’ची एक ओळ

आषाढी एकादशीच्या सकाळी महाराष्ट्रातल्या लाखो घरांत शेंगदाणे भाजल्याचा वास सुटतो. रात्री भिजत घातलेला साबुदाणा फुलून मोकळा झालेला असतो, बटाटे उकडून ठेवलेले असतात, हिरव्या मिरच्यांचे तुकडे तुपाची वाट पाहत असतात. साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची या चारही जिनसा मूळच्या अमेरिका खंडातल्या. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळात पंढरपूरची वाट चालणाऱ्या वारकऱ्याने यांतली एकही चाखलेली नव्हती. रताळे तिकडचेच, आणि राजगिराही मूळचा मेक्सिकोकडचा मानला जातो. भगर, शिंगाडा, सुरण, कवठ आणि दही ही मंडळी मात्र जुनी, इथली.

ही माहिती दर आषाढीला मोबाइलवर फिरते. कुणी ती उपवास करणाऱ्यांची थट्टा करायला पाठवतो, कुणी रागावून खोटी ठरवतो. दोघांच्याही हातून खरी मौज निसटते. उपवासाला धान्य वर्ज्य, हा नियम जुना. आणि त्या नियमातले धान्य म्हणजे तांदूळ, गहू, ज्वारी, डाळी अशी घरोघरी ठाऊक असलेली यादी. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज जहाजांतून नवी कंदमुळे, नव्या शेंगा किनाऱ्याला लागल्या, तेव्हा त्या यादीत त्यांचे नाव असणे शक्यच नव्हते. ज्याला मनाई नाही ते चालते, असा सोयीचा आणि शहाणा अर्थ कुणा सुगरणींनी लावला असावा. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ या म्हणीमागे किती बंदरे आणि किती समुद्र उभे आहेत, हे त्या एका ताटातून दिसते.

साबुदाण्याची कथा आणखी खोल जाते. ‘साबु’ हा शब्द मलय भाषेतल्या ‘सागू’वरून आलेला. आग्नेय आशियात सागूच्या ताडासारख्या झाडाच्या खोडातून पिठूळ गर काढतात, तो हा सागू. आपल्या डब्यातल्या साबुदाण्याचा मात्र त्या झाडाशी नावापुरताच संबंध उरला आहे. तो बनतो कसावाच्या, म्हणजे टॅपिओकाच्या, दक्षिण अमेरिकेतून आलेल्या कंदापासून, आणि त्याचे मोठे केंद्र आहे तमिळनाडूतले सेलम. दुसऱ्या महायुद्धामुळे पूर्वेकडून येणारा माल अडला आणि १९४०च्या दशकात सेलमला हा उद्योग उभा राहिला. नाव मलय, कंद अमेरिकेचा, कारखाने तमिळ आणि उपवास मराठी. एकट्या ‘साबुदाणा परदेशी आहे’ या वाक्यात यातले काय आले?

नवलाच्या माहितीला आपल्याकडे तोटा नाही. वर्तमानपत्रांच्या बालपुरवण्यांत ‘तुम्हाला माहीत आहे का?’ अशी चौकट असते, शाळेच्या फळ्यावर रोज एक ‘विशेष माहिती’ लिहिली जाते, प्रश्नमंजूषांचे चषक वाटले जातात. हे सगळे चांगलेच आहे. मुलाच्या मनात जगाविषयी पहिले कुतूहल बहुधा अशाच एखाद्या ओळीने जागे होते. मागणी एवढीच आहे की त्या ओळीखाली आणखी एक ओळ असावी: कशावरून? हे कुणी पाहिले, कधी पाहिले, कशात वाचले. एका ओळीची जागा लागेल. ती ओळ नसल्यामुळे काय काय होते, त्याची उदाहरणे स्वयंपाकघरापासून जंगलापर्यंत पसरलेली आहेत.

‘ऑक्टोपसला तीन हृदये असतात.’ चौकटीत हे वाक्य हमखास असते आणि ते खरे आहे. पण मूल विचारते, कशाला? उत्तर ठाऊक असेल तर तिथून धडा रंगतो. दोन हृदये रक्त कल्ल्यांकडे ढकलतात, तिसरे ते उरलेल्या शरीरात फिरवते. ऑक्टोपसच्या रक्तात प्राणवायू वाहण्यासाठी लोहाऐवजी तांबे असलेले द्रव्य असते, म्हणून ते निळसर दिसते. हे द्रव्य आपल्या हिमोग्लोबिनइतके कार्यक्षम नाही, त्यामुळे रक्त जोराने फिरवावे लागते. आणि ऑक्टोपस पोहू लागला की ते तिसरे हृदय थांबते. म्हणून तो पोहण्याऐवजी तळाशी सरपटणे पसंत करतो. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांचेही तसेच. ते गुलाबी असतात हे सगळ्यांना दिसते, पण त्यांची पिल्ले राखाडी असतात आणि गुलाबी रंग शेवाळातून, बारीक जलचरांतून, म्हणजे अन्नातून चढतो, हे कळले की खाडीच्या चिखलाकडे पाहण्याची नजर बदलते.

खरी माहिती अशी अर्धी राहते. खोटी माहिती मात्र पूर्ण वेगाने धावते, कारण तिला कुठे थांबून पुरावा दाखवावा लागत नाही.

‘गाजर खा, चष्मा लागणार नाही’ हे वाक्य ऐकत मराठी घरांतल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. गाजरातल्या घटकापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते आणि त्याची कमतरता झाली तर रातांधळेपणा येतो, एवढे पक्के आहे. ज्याच्या शरीरात ते पुरेसे आहे त्याने किलोभर गाजरे खाल्ली तरी चष्म्याचा नंबर हलत नाही. मग गाजराला हे तेज आले कुठून? त्याचा एक मोठा धागा १९४०च्या इंग्लंडपर्यंत जातो. जर्मन बाँबफेकी विमाने रात्री येत, शहरांत काळोख पाळला जाई, आणि तरीही ब्रिटिश वैमानिक ती विमाने टिपू लागले. जॉन कनिंगहॅम या वैमानिकाला तर मांजराच्या डोळ्यांचा म्हणून प्रसिद्धी मिळाली. सरकारने सांगितले, आमची मुले गाजरे खातात. विमानात बसवलेल्या रडारविषयी अर्थातच अवाक्षर काढले नाही. जर्मन फसले की नाही यावर इतिहासकारांना शंका आहे, पण इंग्रज गृहिणींनी ते मनावर घेतले. साखर आणि लोणी मोजून मिळत होते, गाजरे मात्र मुबलक होती; तेव्हा अन्नखात्यालाही हा प्रचार सोयीचा होता. युद्धातली गुपिते पुढे उघड झाली, रडारचा इतिहास लिहिला गेला, आणि गाजराचा सल्ला तेवढा टिकून राहिला.

पालकाची कथा याहून शिकवणारी आहे, कारण तिच्यात खोट्याला खोडून काढणारेच फसले. पोपाय हा खलाशी १९२९मध्ये एल्झी सेगर यांच्या व्यंगचित्रमालिकेत आला आणि डबाभर पालक खाऊन दंड फुगवू लागला. पालकात भरपूर लोह असते ही समजूत त्याच्याबरोबर जगभर पोहोचली. मग तिच्यावर दुसरी कथा चढली: एकोणिसाव्या शतकातल्या कुणा जर्मन शास्त्रज्ञाकडून दशांश चिन्ह एक घर सरकले, लोह दहापट लिहिले गेले, आणि सगळे जग त्या चुकीवर पालक खात राहिले. १९८१मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये टेरेन्स हॅम्ब्लिन यांच्या एका लेखामुळे ही कथा फार पसरली. विज्ञानाचे शिक्षक ‘आकडे तपासा’ हे शिकवायला तीच सांगू लागले. २०१०मध्ये माइक सटन या ब्रिटिश अभ्यासकाने मूळ कागद शोधायला घेतले, तेव्हा त्या सरकलेल्या दशांश चिन्हाचा पुरावाच सापडेना. शिवाय सेगरच्या पोपायने १९३२च्या एका चित्रपट्टीत पालक खाण्याचे कारण स्वतःच सांगितले होते, आणि ते लोह नव्हते, अ जीवनसत्त्व होते. तपासून पाहा, असे सांगणारी कथाच कुणी तपासली नव्हती.

इथवर नुकसान फारसे नाही. गाजर आणि पालक खाल्ल्याने कुणाचे वाईट झाले नाही. प्राण्यांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही.

उत्तर ध्रुवाजवळच्या थंड माळरानावर लेमिंग नावाचा उंदराच्या कुळातला, मुठीत मावेल एवढा प्राणी राहतो. लेमिंगांचे कळप कड्यावरून समुद्रात उड्या घेऊन सामुदायिक आत्महत्या करतात, ही माहिती कित्येक भाषांतल्या चौकटींत छापून आली. ती आधीपासून कानावर होती. ती डोळ्यांनी दाखवली डिस्नेच्या १९५८च्या ‘व्हाइट विल्डरनेस’ या माहितीपटाने. त्यात शेकडो लेमिंग धावत येतात आणि पाण्यात कोसळतात. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर मिळाले. १९८२मध्ये कॅनडाच्या सरकारी दूरचित्रवाणीने चौकशी केली, तेव्हा वेगळेच दृश्य पुढे आले. चित्रण झाले होते अल्बर्टा प्रांतात, जिथे समुद्रही नाही आणि तो प्राणीही तिथला नव्हे. लेमिंग विकत आणले होते, थोडेच होते, फिरत्या तबकडीवर धावायला लावून त्यांचा मोठा कळप भासवला होता, आणि शेवटी त्यांना काठावरून नदीत ढकलले होते. लेमिंगांची संख्या दर तीन-चार वर्षांनी अफाट वाढते, मग ते जागा सोडून पांगतात, वाटेत पाणी लागले तर पोहतात, काही बुडतात. ही खरी हकिगत कमी नवलाची आहे का? एका प्राण्याची संख्या अशी लाटेसारखी चढते आणि कोसळते, आणि तिच्यावर कोल्ह्यांची व घुबडांची वीण हेलकावते, हे निसर्गातले मोठे कोडे आहे. ते दाखवायला धीर लागला असता.

असा धीर एका मराठी माणसाने त्याच्या ४६ वर्षे आधी दाखवला होता. दादासाहेब फाळके १९१२मध्ये लंडनहून परतले, त्यांनी मागवलेला कॅमेरा आला, पण ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसा उभा करायचा तर भांडवल देणाऱ्यांना आपली विद्या पटवायला हवी होती. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण केले. मिनिटभराच्या त्या चित्रफितीत दाण्यातून कोंब फुटताना, वेल वर चढताना दिसे. तिचे नाव ‘अंकुराची वाढ’. हरिश्चंद्राची तारामती ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणाने केली आणि १९१७च्या ‘लंका दहन’मध्ये त्यांनीच राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या, हे प्रश्नमंजूषेतले आवडते प्रश्न आहेत. कुंडीतला वाटाणा तिथे फार क्वचित येतो. खरे तर भारतीय चित्रपटाचा उगम सांगताना तो आधी यायला हवा. त्या चित्रफितीत जे दिसले ते घडले होते. एकही दिवस न चुकवता समोर बसून टिपले होते.

स्वयंपाकघराच्या इतिहासात हाच धीर धरणारा आणखी एक माणूस पुण्यात होऊन गेला. देवरुखला जन्मलेले परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर होते. हस्तलिखिते सांभाळणे हे त्यांचे काम, आणि त्यांतून माणसांच्या रोजच्या जगण्याच्या तारखा काढणे हा त्यांचा ध्यास. एखादा पदार्थ, एखादे फळ, एखादी वस्तू पहिल्यांदा कुठल्या ग्रंथात येते, तो ग्रंथ केव्हाचा, त्याची प्रत केव्हाची, याचा माग ते काढत बसत. १९४३मध्ये त्यांनी जिलेबीवर निबंध लिहिला. अरबी ‘झलाबिया’शी नाते सांगणारी ही मिठाई ‘प्रियंकरनृपकथा’ या जैन ग्रंथात, इ.स. १४५०च्या सुमारास, जेवणाच्या वर्णनात आलेली त्यांना सापडली. पुढे रघुनाथ गणेश नवहस्त यांच्या ‘भोजनकुतूहल’ या ग्रंथात ती कशी करावी हेही मिळाले. हा ग्रंथ त्यांनी १६७५ ते १७००च्या दरम्यानचा ठरवला. म्हणजे दिवाळीच्या फराळात किंवा लग्नाच्या पंगतीत जिलेबी आली की तिचे वय पाचशे वर्षांहून अधिक आहे, असे पानाकडे बोट दाखवून म्हणता येते. ही तारीख एका माणसाने जुन्या पोथ्या उलगडून मिळवली आहे.

गोडे यांच्या या पद्धतीसमोर सांबाराची लोकप्रिय कथा ठेवून पाहावी. तंजावरच्या मराठी दरबारात आमसुले संपली, चिंच घालून आमटी केली, पाहुणे म्हणून संभाजी महाराज आलेले होते, म्हणून तिचे नाव सांबार पडले, ही कथा मराठी माणसाला फार आवडते. तंजावरला १६७६पासून १८५५पर्यंत मराठ्यांचे राज्य होते, तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात पाकशास्त्राची हस्तलिखितेही आहेत, तेव्हा मराठी आणि तमिळ चुलींची देवाणघेवाण झाली यात शंका नाही. पण ही कथा सांगणारे त्या काळचा कागद दाखवत नाहीत. कागद मिळेपर्यंत तिला कथा म्हणावे. अभिमान वाटायला तंजावरचे खरे ग्रंथालय पुष्कळ आहे. शेकडो मैलांवर, परक्या मुलखात, मोडी कागद आणि संस्कृत-मराठी पोथ्या जपणारी राजघराणी कितीशी असतील?

बोंबलाच्या नावाचेही तसेच. इंग्रज त्याला ‘बॉम्बे डक’ म्हणत. मुंबईच्या डाकगाडीतून सुके बोंबील जात, त्या गाडीला वास सुटे, ‘बॉम्बे डाक’वरून ‘डक’ झाले, असे कौतुकाने सांगितले जाते. पण बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, आणि ‘बॉम्बे डक’ हे शब्द इंग्रजी पुस्तकांत त्याच्या वीसेक वर्षे आधीच छापलेले आढळतात. गाडी नव्हती तेव्हा गाडीचे नाव कसे पडेल? एवढी एक तारीख त्या व्युत्पत्तीला पुरते. पायांनी तुडवलेल्या पिठाचा म्हणून ‘पाव’, ही समजूतही अशीच. पोर्तुगीज भाषेत भाकरीसारख्या भाजलेल्या पदार्थाचा शब्दच ‘पांव’ आहे, आणि बटाटा, काजू, अननस, कोबी यांच्याबरोबर तोही मराठीत आला.

जुन्या ग्रंथांत मिळणारे नवल घडवून सांगावे लागत नाही. कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, १२व्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त इडलीची पूर्वज ‘इड्डरिका’ आहे, आणि ती नुसत्या उडदाची आहे, तांदूळ नाही. त्याच राजाच्या पंगतीत शेतातले उंदीर भाजून वाढण्याची कृतीही आहे. पदार्थांच्या शुद्ध परंपरेवर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी ही दोन पाने शेजारी ठेवून वाचावीत.

आता रानपिंगळ्याची हकिगत. ‘कशावरून’ या एका ओळीवर एका पक्ष्याचे अस्तित्व कसे अवलंबून असते, हे खानदेशात घडले.

पिंगळा मराठी माणसाला परिचयाचा. गावातल्या जुन्या वडावर, पडक्या भिंतीत राहणारे हे छोटे घुबड. त्याची भाषा समजते असे सांगत पहाटे दारोदार भविष्य सांगत फिरणारा जोशीही ‘पिंगळा’च. रानपिंगळा त्याचा जंगलातला भाऊबंद. डोक्यावर ठिपके जवळजवळ नसलेला, दणकट पायांचा. १८७२मध्ये एफ. आर. ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडातल्या बसनाजवळ तो मिळाला आणि १८७३मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याला शास्त्रीय नाव दिले. हे ह्यूम म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेतले ह्यूम. ते त्या काळातले भारतातले सर्वांत मोठे पक्षिअभ्यासक होते. सिमल्याला ते घरी नसताना त्यांची पंचवीस वर्षांची हस्तलिखित टिपणे कुणीतरी रद्दीत विकून टाकली. ते इतके खचले की त्यांनी पक्ष्यांचा अभ्यासच सोडला आणि ८०,००० च्या आसपास नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. वर्षभरात, १८८५मध्ये, काँग्रेसची स्थापना झाली.

खानदेशात जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने १८८०च्या दशकात शहादा-तळोदा भागातून रानपिंगळ्याचे काही नमुने जमवले. १८८४नंतर पक्षी दिसेना. जगभरच्या संग्रहालयांत मिळून जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे भुसा भरलेले रानपिंगळे उरले. त्यांत एक नमुना नंतरचा होता. रिचर्ड मायनर्त्झहागेन या ब्रिटिश कर्नलच्या संग्रहातला. त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते, १९१४, तापीकाठचे मांडवी, गुजरात. म्हणजे सर्वांत ताजी नोंद मांडवीची. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या दिग्गजांनीही हा पक्षी शोधला. शोधणाऱ्यांची नजर साहजिकच त्या ताज्या ठिकाणाकडे वळत राहिली. मध्येच कुणी रानपिंगळा म्हणून छायाचित्रे दाखवली, ती साध्या पिंगळ्याची निघाली. हळूहळू तो नामशेष झाला असे लोक म्हणू लागले.

अमेरिकेच्या पामेला रासमुसेन या अभ्यासिकेने दुर्बीण हाती घेण्याआधी चिठ्ठ्या हाती घेतल्या. मायनर्त्झहागेनचे अनेक नमुने संशयास्पद असल्याचे तिला दिसू लागले होते. संग्रहालयातून परवानगीविना नमुने नेल्याबद्दल त्याला एकदा पक्षी विभागात यायला बंदीही झाली होती. मांडवीचा रानपिंगळा तपासला, क्ष-किरणांखाली पाहिला, तेव्हा आतले भरण काढून पुन्हा भरल्याचे दिसले, आणि मूळच्या हाताच्या खुणा राहून गेलेल्या सापडल्या. तो हात डेव्हिडसनचा होता. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९मध्ये सविस्तर दाखवून दिले की तो डेव्हिडसनचाच खानदेशातला नमुना, म्युझियममधून चोरलेला, नव्याने शिवलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला. मांडवीला १९१४मध्ये रानपिंगळा मिळालाच नव्हता. एका चिठ्ठीवरच्या एका ओळीने शोध चुकीच्या गावाला नेला होता.

ती ओळ बाजूला ठेवली की उरत होती खरी जुनी ठिकाणे. नोव्हेंबर १९९७मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट आधी पूर्वेकडच्या जुन्या जागी फिरले, काही मिळाले नाही. मग ते डेव्हिडसनच्या मुलखात, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याला आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी, भर उजेडात, एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला होता. ११३ वर्षांनी. हा पक्षी दिवसा हिंडतो, सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसतो, शेपटी झटकत सरडे-पाली हेरतो. त्याला रात्री शोधण्याची गरजच नव्हती, आणि आदिवासी पाड्यांतल्या लोकांच्या डोळ्यांसमोर तो सगळा काळ वावरतच असणार.

त्यानंतर बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी तोरणमाळ आणि मेळघाटात त्याचा अभ्यास केला. आज मेळघाट हा त्याचा मोठा आसरा आहे. तरी तो धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीतच आहे. त्याचा खरा पत्ता शतकभर आधी नीट वाचला गेला असता, तर सातपुड्यातले सागवान तुटत असताना त्याच्या बाजूने बोलायला कुणीतरी असते. नामशेष समजल्या गेलेल्या पक्ष्यासाठी जंगल कोण राखणार? म्हणून मुलांच्या चौकटीतल्या त्या जादा ओळीचा हा एवढा आग्रह. आज जी मुलगी ‘कशावरून?’ विचारायला शिकेल, ती उद्या संग्रहालयातली चिठ्ठी उलटी करून पाहील, सातबाऱ्यावरची नोंद वाचेल, औषधाच्या जाहिरातीतला आकडा तपासेल. शिक्षकांना यासाठी वेगळा तास नको. फळ्यावरच्या माहितीखाली वर्ष आणि ठिकाण लिहिले आणि ते शोधून आणायचे काम वर्गाला दिले तरी पुरे. संपादकांनीही चौकटीचा आकार थोडा वाढवावा. तीन नवलांऐवजी एकच छापले आणि त्याची पूर्ण वाट दाखवली तर वाचक तक्रार करणार नाहीत.

२०१४च्या ऑक्टोबरमध्ये रानपिंगळा ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात दिसला. तानसा तलावाचे पाणी १८९२पासून मुंबईच्या नळांना येते. त्या तलावाभोवतीच्या जंगलात, देशातल्या सर्वांत गजबजलेल्या शहराच्या पाणवठ्याशी, दिवसाउजेडी हिंडणारा हा पक्षी तोवर कुणाच्याही वहीत नोंदलेला नव्हता.